कॅम्परव्हॅन आणि बोट: हिडकल, नविलुतीर्थ की गणेशगुडी?

बेळगाव भागात व्हॅन पाण्याकाठी लावायची आणि सकाळी तिथूनच बोट सोडायची, एवढीच मागणी असली तरी पहिला प्रश्न जागेचा नसतो, महिन्याचा असतो. इथली मोठी पाणी धरणांची आहेत आणि धरणाचं पाणी एका जागी थांबत नाही. ऑक्टोबरात व्हॅनच्या दारात बसून गळ टाकता येतो ती जागा मार्चमध्ये भेगाळलेल्या गाळाचं मैदान झालेली असते आणि पाणी पार पलीकडे चमकत असतं. रिसॉर्टवाल्यांच्या जाहिरातीतले फोटो मात्र बाराही महिने भरल्या धरणाचेच. म्हणून खाली जागेबरोबर तिथे कधी जावं आणि कधी नाही, हेही शक्य तिथे सांगितलं आहे. नजारा सगळीकडेच चांगला आहे, त्यावर शाई खर्च केलेली नाही.

हिडकलपासून सुरुवात करू, कारण पुणे-बेंगळुरू हायवेवरून व्हॅन घेऊन येणाऱ्याला तेच सगळ्यात सोयीचं आणि तिथेच सगळ्यात जास्त गाड्या रुततात. घटप्रभेवरचं हे धरण हुक्केरी तालुक्यात येतं. पूर्ण पातळी २१७५ फूट, साठा ५१ टीएमसी (अब्ज घनफूट). पाणी येतं चंदगडकडच्या पावसाचं, ताम्रपर्णीही वरच घटप्रभेला मिळते. त्यामुळे हुक्केरीत कडक ऊन असतानाही जुलैत पाणी चढत असतं. काठावर संध्याकाळी कोरडी दिसलेली जागा सकाळी चाकाखाली ओली होते ती यामुळे. जून ते ऑगस्ट व्हॅन पाण्याजवळ लावूच नये. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा खरा हंगाम. पाणी वर असतं, पाऊस गेलेला असतो आणि काठ आवळत आलेला असतो.

काठाचा उतार हा इथला सगळा हिशोब. पन्नासाला एक असा सपाट उतार असेल, तर पातळी एक मीटर उतरली की पाणी पन्नास मीटर मागे जातं. दहाला एक असेल तर दहाच मीटर. व्हॅनला सपाट जागा हवी, बोटीला चढी. दोन्ही एकत्र मिळणं कठीण, म्हणून व्हॅन वर मुरमावर आणि बोट खाली टेकडीच्या कुशीत, अशी जागा शोधायची. मधलं अंतर शंभर मीटरच्या आत असलं तर उत्तम. सपाट, हिरवीगार, पाण्याला लागून असलेली जागा बघून हुरळून जाणारे नवखे नेमके तिथेच अडकतात. ती हिरवळ गाळावर उगवलेली असते.

भरल्या धरणाची रेघ ओळखायला सोपी आहे. काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, वाळलेली जलपर्णी यांचा एक पट्टा काठाला समांतर पडलेला असतो. व्हॅन त्या रेघेच्या वर. ही एकच गोष्ट पाळली तरी निम्मी डोकेदुखी संपते. रेघेच्या वर बहुतेक ठिकाणी तांबडा मुरूम किंवा खडकाळ माळ असतो, चाक बसत नाही. रेघेच्या खाली गाळ आणि काळी माती. वरचा पापुद्रा वाळून भेगा पडतात, माणूस चालला तर वाजतोही टणटणीत, पण वितभर खाली लोणी असतं. साडेतीन टनांच्या गाडीचं मागचं चाक तो पापुद्रा फोडतं, आणि ड्रायव्हरने घाबरून रेस दिली की डिफरन्शियल टेकेपर्यंत गाडी खाली जाते.

तपासायला बारा मिलिमीटरची लोखंडी सळई जवळ ठेवावी, तीन फुटांची पुरते. दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून जमिनीत दाबायची. चार बोटं जाऊन थांबली तर गाडी न्या. पाऊण वीत गेली तर पायी जाऊन या, गाडी नको. सहज आत जाऊन बाहेर येताना टोकाला काळा चिकटा लागला तर परत फिरा. एकाच जागी तपासून भागत नाही. दोन्ही चाकांच्या वाटेवर दर चार-पाच पावलांवर आणि जिथे वळायचं तिथे दोनदा, कारण वळताना पुढचं चाक माती उकरतं. टायरमध्ये रस्त्यावर ६० पीएसआय हवा असेल तर मऊ जमिनीवर ३५ ते ४० पर्यंत उतरवावी. मग ती परत भरायला बारा व्होल्टचा कंप्रेसर सोबत हवा, नाहीतर अर्ध्या हवेच्या टायरवर हायवे गाठावा लागतो.

रुतलीच तर ट्रॅक्टर हाच उपाय आणि तो मिळतोही, पण हुक टोईंग आयवर, म्हणजे गाडी ओढण्यासाठी दिलेल्या कडीवर, लावायला सांगा. बंपरला दोर बांधू देऊ नका, बंपर येतो आणि गाडी राहते.

धरण उतरलं की रिकाम्या जमिनीत काठावरचे शेतकरी गाळपेर करतात. हरभरा, ज्वारी, कुठे भाजी. उगवण नुकतीच झालेली असेल तर लांबून ते रिकामं रान दिसतं. त्यात चाक घातलं तर भांडण तुमचं, आणि ते रास्त आहे. खानापूर, निपाणी, चंदगडकडे मराठीत बोलणं होतं. हुक्केरी, गोकाक, सौंदत्तीकडे शेतात भेटणारा माणूस कानडीच बोलेल असं धरून चालावं. 'इल्ली गाडी निल्लिसबहुदा?' (इथे गाडी थांबवता येईल का?) एवढं आलं तरी पुरतं. समोरचा कधी मराठीवरही येतो, आणि जागा कुठली घट्ट, कुठली फसवी हे सळईपेक्षा नेमकं सांगतो.

हिडकलला एक गोष्ट बोटवाल्यांनी ध्यानात ठेवावी. जुनी गावं पाण्याखाली आहेत. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. पाणी अर्धवट उतरलेलं असतं त्या दिवसांत असे दगडी चौथरे, भिंती आणि बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली हात-दीड हातावर असतात. रबरी बोटीच्या तळाला आणि मोटारीच्या पंख्याला ते पुरेसं आहे. फेब्रुवारीनंतर अनोळखी भागात मोटार बंद, वल्ही बाहेर.

नविलुतीर्थ सौंदत्तीजवळ, मलप्रभेवर, दोन डोंगरांच्या खिंडीत. पूर्ण पातळी २०७९.५० फूट, साठा ३७.७३ टीएमसी. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून खानापुरातून येते, पण हे धरण दर वर्षी भरेलच याची खात्री नसते. तेव्हा निघण्याआधी पातळी बघून निघावं. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडून मोठ्या धरणांची रोजची पातळी जाहीर होते, पावसाळ्यात बेळगावच्या मराठी पेपरांतही येते. पूर्ण पातळीपासून पाच फुटांच्या आत असेल तर निघा. दहा फुटांपेक्षा खाली असेल तर वरच्या अंगाच्या सपाट काळ्या रानात बोटीपर्यंत पोचण्यातच सकाळ जाते. धरणाजवळच्या डोंगराकडचा काठ खडकाळ आहे. तिथे चालताना पाय घसरेल, पण चाक रुतणार नाही.

इथली मोठी अडचण पाण्याची नाही, यल्लम्मा डोंगराची आहे. पौर्णिमेच्या यात्रेला, विशेषतः मार्गशीर्ष, पौष आणि माघातल्या, कोल्हापूर-सांगलीकडच्या एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या असा सगळा लोंढा याच रस्त्यांवर असतो. पौर्णिमेच्या आधीचे आणि नंतरचे तीन दिवस सोडून बाकी कधीही जा. मंगळवार आणि शुक्रवारीही गर्दी असते, पण व्हॅन निघते.

कृष्णाकाठ, म्हणजे कुडची, उगार, अंकली हा पट्टा, मुक्कामासाठी सुचवत नाही. मळईची काळी जमीन, दोन्ही बाजूला ऊस, पाणंद एका गाडीपुरती आणि गाळपाच्या हंगामात समोरून ट्रॉली आली की मागे हटायला जागा नाही. नदीत मगरी आहेत. पाणी कमी झालं की त्या काठावर उन्हाला येतात, म्हणजे नेमक्या तिथे जिथे बोट ओढून ठेवायला बरी वाटते. एक दिवस नदी बघायची असेल तर गाडी घाटावर लावून बघावी.

धूपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात करकोचे बघायला जा, बोट व्हॅनमध्येच राहू द्या. राकसकोप बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथे बोटीचा विचारही नको.

आता गणेशगुडी, काळी नदीवरच्या सुपा धरणाजवळचं गाव. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर करत जाता येतं. सुपा धरणाची पूर्ण पातळी ५६४ मीटर, साठा १४५.३३ टीएमसी, म्हणजे हिडकलच्या जवळजवळ तिप्पट. पण हा सगळा भाग काळी व्याघ्र राखीव क्षेत्राला लागून किंवा त्याच्या आत येतो. जंगलात कुठेही गाडी लावून झोपणं बेकायदा आहे, त्यात चर्चेला जागा नाही. पर्याय उरतो तो परवानाधारक होमस्टे आणि रिसॉर्टच्या आवारात व्हॅन लावण्याचा. आणि खरं सांगायचं तर बोटीची तयार सोय या पूर्ण पट्ट्यात इथेच आहे. राफ्टिंगवाले आहेत, कयाक भाड्याने मिळतात, जाकिटं मिळतात, पाण्याची माहिती असलेली माणसं मिळतात. जमीन जांभ्याची, पाऊस थांबला की दोन दिवसांत टणक. गाडी रुतण्याची भीती इथे सगळ्यात कमी.

तोटे दोन. एक, फांद्या. छतावर सोलर आणि एसी बसवलेली ट्रॅव्हलर तीन मीटरच्या आसपास जाते, आणि होमस्टेच्या आतल्या रस्त्यावर सागाच्या फांद्या त्याच्याखाली असतात. आपल्या गाडीची उंची मीटरमध्ये मोजून काचेवर आतून चिकटवून ठेवा आणि फोनवर 'बस येते का?' असं विचारा. 'मोठी गाडी येते का?' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर इनोव्हा येते. दुसरा तोटा म्हणजे धरणाखालच्या नदीचं पाणी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर चढतं-उतरतं. राफ्टिंग चालतं तेही त्या विसर्गावरच. सकाळी उघडे पडलेले खडक बघून त्यावर बोट ठेवून नाश्त्याला गेलात तर परत येईपर्यंत ती गेलेली असते. बोट नेहमी झाडाला बांधा, दोर दोन-अडीच मीटर ढिला. स्वतःची बोट असेल तर ती खळाळत्या पाण्यात घालायची नाही, खालच्या शांत डोहातच. काळी नदीतही मगरी आहेत. बोटीवरून पाय पाण्यात सोडून बसण्याची सवय असेल तर ती बेळगावातच ठेवून यावी.

कोकणातून येणाऱ्यांसाठी एक कंसातली गोष्ट: तिलारी घाट लांब व्हॅनला घालू नका, वळणं आणि चढ दोन्ही अंगावर येतात. आंबोलीमार्गे थोडं जास्त अंतर परवडतं.

पैसे देऊन जागा घ्यायची तर काय विचारायचं, यावर थोडं सविस्तर. या पट्ट्यात कॅम्परव्हॅनसाठी वेगळा वीज खांब, पाण्याचा नळ, सांडपाण्याचा खड्डा अशी आखलेली जागा शोधत बसू नये. मिळते ती रिसॉर्टची पार्किंग, शेतातलं खळं किंवा होमस्टेचं अंगण. तेवढ्यात भागतं, फक्त वीज स्वतः तपासून घ्यावी लागते.

एक टनाचा एसी साधारण बाराशे वॅट, गीझर दोन हजार. दोन्ही एकदम चालवले तर चौदा अँपिअर. खोलीतल्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर हे लावलं तर प्लग वितळतो, आणि बिल मालकाचं होतं. पंधरा-सोळा अँपिअरचं सॉकेट मागा आणि आपली तीन कोअर, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घेऊन जा. तीस मीटर अंतरावर ती पूर्ण भाराला सहा-सात व्होल्ट खाते. एक एमएमची स्वस्त वायर पंधराच्या वर खाते, गावात रात्री मुळातच व्होल्टेज दोनशेच्या खाली असतं, आणि मग कंप्रेसर घुरघुरून बंद पडतो. लोक एसी खराब झाला म्हणून मेकॅनिक शोधत फिरतात. केबल रीळवर गुंडाळलेली ठेवून भार देऊ नये, पूर्ण उलगडावी, गुंडाळी तापते.

अर्थिंग बघायला टेस्टर पुरत नाही. शंभर वॅटचा पिवळा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलला लावून उजेड बघा, मग फेज आणि अर्थला. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर दुसऱ्या वेळी तो पडला पाहिजे, नसेल तर बल्ब तेवढाच लख्ख लागला पाहिजे. मंद लागला किंवा लागलाच नाही तर अर्थिंग नावापुरतं आहे. त्या जागी व्हॅनमधल्या बॅटरीवरच रात्र काढा, ओल्या काठावर पत्र्याची गाडी आणि खोटं अर्थिंग हा जिवाशी खेळ आहे. दिव्याच्या दोन्ही वायरी हातात धरून हे करायचं नाही, ज्याला वीज कळते त्यानेच करावं. व्हॅनमध्ये तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. आणि शेतातल्या मोटरीच्या पेटीवरून वीज देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. शेतीचा थ्रीफेज सातच तास, तोही कुठल्या वेळी येईल ते मोटरीलाच माहीत.

पाणी भरायला बोअरचं मिळतं. ते जड असतं, गीझरच्या कॉईलवर खार धरतं. टाकीत भरताना गाळणी लावा. पिण्यासाठी गावागावांत 'शुद्ध कुडियुव नीरु' (शुद्ध पिण्याचं पाणी) लिहिलेली आरओची खोली असते, नाणं टाकलं की वीस लिटरचा कॅन भरतो. सुट्टी नाणी ठेवा, यूपीआय तिथे चालेलच असं नाही.

कॅसेट टॉयलेट, म्हणजे टाकी काढून रिकामी करता येते असा व्हॅनमधला संडास, वीस लिटरच्या आसपासचं असतं, दोघांना तीन दिवस. ते रिकामं करायचं ते सेप्टिक टँक असलेल्या संडासातच, आणि ते फोनवरच विचारून घ्यायचं. उघड्या गटाराला जोडलेला संडास असेल तर नाही म्हणा. फॉर्मालिनचं निळं औषध सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, फॉर्मालिन नसलेलं हिरवं वापरा. धरणाच्या पोटात, म्हणजे त्या कचऱ्याच्या रेघेच्या खाली, भांडी घासल्याचं पाणीसुद्धा सोडू नये. पावसाळ्यात ती जागा पाण्याखाली जाते आणि खालची गावं तेच पितात.

बोटीबद्दल. ट्रेलरवरची फायबर बोट इथे आणण्यात अर्थ नाही, ती पाण्यात उतरवायला सिमेंटचा उतार या काठांवर मिळण्याची आशा धरू नये. हवा भरायची, पावणेतीन ते तीन मीटरची, कडक तळाची बोट घ्या. तीस-चाळीस किलो भरते, दोघं उचलतात. मागच्या फळीला लावायची जाड टायरची चाकं मिळतात, बारीक प्लास्टिकची घेऊ नका, गाळात कुऱ्हाडीसारखी शिरतात. खाली ताडपत्री अंथरल्याशिवाय हवा भरू नये. काठावर वेडी बाभूळ माजलेली असते आणि तिचा वाळका काटा पीव्हीसीतून आरपार जातो. सकाळी गारव्यात ०.२५ बार भरलेली नळी दुपारी उन्हात तापून ०.३५ च्या पुढे जाते, शिवण तिथेच उसवते. जेवायला काठावर आलात की बोट सावलीत ओढा किंवा थोडी हवा सोडा.

मोटार लावली की ती यांत्रिक बोट झाली आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचा विषय येतो. वल्ह्यावर चालवली तरी धरण पाटबंधारे खात्याचं आहे. हिडकल आणि नविलुतीर्थ कर्नाटक नीरावरी निगमकडे येतात. धरणावरच्या कार्यालयात अर्ज देऊन लेखी परवानगी घ्या, तोंडी होकार शिपाई बदलला की संपतो. भिंत, सांडवा आणि कालव्याच्या तोंडाजवळ बोटही नको, ड्रोनही नको.

बारा व्होल्टची ट्रोलिंग मोटार (बोटीची छोटी, बॅटरीवरची मोटार) पूर्ण वेगाला पन्नास अँपिअर ओढते. शंभर एएचची लिथियम बॅटरी असेल तर दोन तास, अर्ध्या वेगाने त्याच्या दुपटीहून जास्त. दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो, म्हणून सकाळी आधी पश्चिमेकडे जायचं, येताना वारा पाठीवर. उलट केलं तर बॅटरी संपलेली आणि लाटा तोंडावर, अशी वेळ येते. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसले की अर्ध्या तासात काठ गाठा. पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या बाटल्या किंवा थर्माकोल दिसले तर खाली जाळं आहे. मोटार उचला, वल्हवत ओलांडा. मासेमारीचा ठेका दिलेला असतो, जाळं तुटलं तर भरपाई द्यायची, घासाघीस करायची नाही. जाकीट न पोहणाऱ्यासाठी शंभर न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) हवं. पन्नासचं पोहणाऱ्यांपुरतं असतं.

व्हॅन सपाट करायला महागडे रॅम्प लागत नाहीत. ३३५० मिलिमीटर व्हीलबेसला दोन अंशांचा उतार म्हणजे पुढच्या-मागच्या चाकात बारा सेंटिमीटरचा फरक. चार सेंटिमीटर जाडीच्या तीन फळ्या झाल्या. वखारीतून बाभळीच्या घ्या, आंब्याच्या पाण्यात फुगून चिरतात. तोंड नेहमी बाहेरच्या रस्त्याकडे करून लावा. रात्री अडीच वाजता छतावर थेंब वाजले तर फळ्या तिथेच सोडून, आधी गाडी मुरमावर घ्या. काळ्या मातीवर पहिल्या पंधरा मिनिटांचा पाऊस चालतो, त्यानंतर सकाळची आणि ट्रॅक्टरची वाट बघायची.